परीक्षा होईपर्यंत सांगायचं नाही

रविवार, २ नोव्हेंबर २०२५

ही डायरी क्लासकडून मिळाली. वर गाडेकर सरांचा फोटो, आत गेल्या वर्षी मेडिकलला लागलेल्या मुलांचे पासपोर्टएवढे फोटो. आज पालक सभेत सर म्हणाले, "पोरगं किती तास बसलं, किती झोपलं, मोबाईल किती बघितला, रोज लिहायचं. अकरावी हाच पाया. पाया कच्चा ठेवून बारावीत माझ्यासमोर रडायला येऊ नका." सगळ्या आयांनी माना हलवल्या. मीही हलवली.

पाल्याचे नाव: ज्योत्स्ना. पालकाचे नाव: इथं ह्यांचं नाव लिहायला घेतलं, मग खोडून माझंच लिहिलं, मीना. शहागडला शेत सांभाळून हे कुठं तास मोजणार? जूनपासून आम्ही दोघी जालन्यात मोतीबागेच्या बाजूला खोली करून राहतो. हे रविवारी येतात, भाजी आणतात, दुपारी झोपतात आणि संध्याकाळच्या गाडीनं परत जातात. खाली घरमालकीण शरयूकाकू एकट्या असतात, बँकेतून रिटायर झालेल्या.

सरांनी आज मोठी गोष्ट सांगितली. एकवीस डिसेंबरला परीक्षा आहे. पहिल्या साठात येणाऱ्यांना बारावीसाठी मेडिकलची बॅच मिळणार, बाकीच्यांना दुसरी. ज्योत्स्नानं गणित आणि जीवशास्त्र दोन्ही ठेवलंय, त्यातलं एक तेव्हाच सोडायचं. सध्या ती एक्केचाळिसावी आहे. म्हणजे जमेल. शहागडला तर तिला आत्तापासून डॉक्टरीणबाई म्हणतात.

तिचं स्वतःचं काय म्हणणं आहे, असं शरयूकाकूंनी विचारलं. ती काहीच म्हणत नाही. पोर समजूतदार आहे.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

आज तासांऐवजी दुसरंच लिहिते. सांगायला दुसरं कुणी नाही.

संध्याकाळी भुजंग भाऊजींचा फोन आला. "वैनी, घाबरू नका. दादा कापसाच्या ट्रॉलीवरून पडले. आमी जालन्यालाच घेऊन येऊन राह्यलो." घाबरू नका म्हटल्यावर माणूस जेवढं घाबरतं, तेवढी मी घाबरले. ज्योत्स्ना अभ्यासिकेतून यायची होती. काकूंना खरं सांगितलं, किल्ली त्यांच्याकडे दिली आणि सरकारी दवाखान्यात गेले.

मांडीचं हाड मोडलंय. पायाला वजन बांधून ठेवलंय. वर शुगर वाढलेली निघाली. आम्हाला माहीतही नव्हती. ती खाली आल्याशिवाय ऑपरेशन नाही. हे पांढरे पडले होते, तरी पहिला प्रश्न त्यांनी केला, "ज्योत्स्नाला सांगितलं का?" म्हटलं, न्हाई. सांगणारबी न्हाई.

दहावीचं मी विसरलेले नाही. परीक्षा चालू असताना माझे वडील गेले. आम्ही तिला कळू दिलं नाही. मी रडले तेसुद्धा शेजारच्या घरी जाऊन. पण भूमितीच्या पेपरला शाळेच्या दारातच वर्गातल्या एका मुलीनं तिला विचारलं, "तुझे आजोबा वारले ना?" झालं. अर्धा पेपर कोरा आला. ह्या वेळी मी तोंड जास्त घट्ट बंद ठेवणार. एकवीस डिसेंबरपर्यंत एक अक्षर नाही. सगळ्या घरादाराला तसं बजावलंय.

तिला सांगितलं, काकूंच्या बहिणीला बघायला गेले होते.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

भुजंग भाऊजींना काय म्हणावं! ह्यांचा कॉटवरचा, पायाला वजन बांधलेला फोटो स्टेटसला ठेवला. खाली फुलं आणि 'दादा लवकर बरे व्हा'. मला गावाकडून फोन आला तेव्हा कळलं. लगेच त्यांना झापलं.

"आवं वैनी, लोक विचारून राह्यले, एकेकाला कुठं सांगत बसू? म्हून ठेवलं."

"ज्योत्स्नाकडं मोबाईल हाय भाऊजी, क्लासच्या ॲपसाठी."

"आरं तिच्या! काढतो, काढतो."

काढलं. ती तेव्हा क्लासमध्ये होती, मोबाईल तिथं जमा करतात. नशीब. संध्याकाळी तिचा चेहरा नीट निरखला. गप्प होती, पण ती नेहमीच गप्प असते. जेवताना म्हणाली, "आई, तू दमलीस का?" म्हटलं, न्हाई गं, पाणी भरलं आज.

बुधवार, १९ नोव्हेंबर

आता घडी बसली. ती सकाळी क्लासला गेली की मी डबा घेऊन दवाखान्यात. ती जेवायला यायच्या आत मी परत. तीननंतर ती अभ्यासिकेत, सातला घरी. रात्री ह्यांच्याजवळ भाऊजी थांबतात. दुपारी हे एकटेच, त्याचा जीवाला घोर लागतो. पण करणार काय?

शेजारच्या कॉटवर कडूबामामा म्हणून भोकरदनकडचे म्हातारे आहेत, खुबा मोडलेला. त्यांना गप्पांचा नाद. मला म्हणाले, "बाई, तुमी आल्या की नुसत्या दटावता. भात कमी खा, हलू नका. ती दुपारची पोरगी बघा, पेपर वाचून दाखविती आमाला."

ह्यांना एकदम ठसका लागला. मी पाणी दिलं. मामांची नात येत असेल. चांगलं आहे, ह्यांनाही तेवढीच सोबत.

एक मात्र आहे. मी दुपारनंतर फोन केला की हे आधी हळूच विचारतात, "जवळ कोण हाये?" ज्योत्स्ना ऐकत नाही ना, याची खात्री करून मगच बोलतात. इतका सावध माणूस ट्रॉलीवरून पडला कसा, कोण जाणे.

रविवार, २३ नोव्हेंबर

आज हे आले नाहीत. मी तयारी करून ठेवली होती: वेचणीला बाया मिळाल्यात, आता सोडून येता येत नाही. पण ज्योत्स्नानं विचारलंच नाही. गेल्या रविवारीही नाही. आरसा बघत वेणी घालत बसली.

मला बरं वाटायला हवं होतं. तसं ते वाटलं नाही. बाप दोन रविवार आला नाही आणि पोरीला काही नाही? एवढी अभ्यासात बुडाली म्हणावं, तर टेस्टमध्ये अठ्ठावन्नावी आलीय. साठाच्या काठावर.

शुक्रवार, २८ नोव्हेंबर

तिच्या ओढणीला दवाखान्याचा वास येत होता. वाटलं, माझ्याच कपड्यांचा लागला. पण ती आपणहून म्हणाली, "आज प्रॅक्टिकल होतं, बायोचं." जीव भांड्यात पडला. आता मी दवाखान्याची साडी वेगळी ठेवणार, काकूंच्या दोरीवर.

जीवशास्त्रात तिला आता गोडी लागलेली दिसते. वहीभर हाडं काढते. मांडीचं हाड तर चार बाजूंनी काढलंय. मी सहज विचारलं, हे मोडलं तर जुळतं का गं? विचारल्यावर जीभ चावली. ती मात्र शांतपणे सांगत बसली. आत सळई घालतात, मग हाड हळूहळू धरतं, शुगर असली तर जास्त दिवस लागतात, पण धरतं. "धरतंच, आई," असं दोनदा म्हणाली. मला इतका आधार वाटला! पुस्तकात असेल तर खरंच असणार.

बुधवार, ३ डिसेंबर

आज ऑपरेशन झालं. शुगर खाली आल्यावर एकदम तारीख मिळाली. आत नेलं तेव्हा ह्यांनी माझा हात धरला नाही, फक्त म्हणाले, "मीना, पोरीला रागावू नको कशावरून." मला वाटलं भूल चढायला लागली.

बाहेर बाकावर मी आणि भाऊजी. भाऊजी सारखे उठून जिन्याकडे जात होते. शेवटी मी म्हटलं, बसा की वो एका जागी. तर म्हणाले, "चहा घेऊन येतो," आणि तीन कप घेऊन आले. म्हटलं, तिसरा कुणाला? "मलाच दोन लागतात," म्हणाले आणि एक कप घेऊन जिन्याखाली गेले. माणूस घाबरला की काहीही करतो.

ठीक झालं. डॉक्टर म्हणाले, आता चालवायचं.

ज्योत्स्ना जेवायलाही आली नाही, जादा लेक्चर होतं म्हणाली. संध्याकाळी आली तर डोळे लाल. काकूंकडचे ड्रॉप घातले. डोकं माझ्या मांडीवर ठेवून पडली, लहानपणी पडायची तशी. मलाही रडू येत होतं, पण मी तिच्या केसात हात फिरवत म्हटलं, मेडिकल म्हटलं की एवढे कष्ट असतातच.

रविवार, ७ डिसेंबर

सत्त्याहत्तरावी.

आणि त्यावर हे: गाडेकर सरांचा फोन. "मॅडम, मुलगी महिनाभर अभ्यासिकेत चारनंतर नसते. वडिलांच्या मोबाईलवर रोज मेसेज जातोय. तुम्ही लोक मेसेज वाचत नाही आणि मग निकालाला आम्हाला धरता."

रोज. महिनाभर.

तिला विचारलं. माझा आवाज चढला. म्हणाली, "तिथं गोंगाट असतो. मी दुसरीकडं बसते." कुठं? "आहे एक जागा." कोण असतं तिथं? तर माझ्याकडे असं बघितलं की मीच खाली पाहिलं. म्हणाली, "तसलं काही न्हाई, आई."

तसलं काही नाही, तर कसलं आहे? कॉलेजसमोर मोटारसायकली लावून उभी राहणारी पोरं डोळ्यासमोर येतात. गावाकडं कळलं तर लोक म्हणतील, आई पाठीशी असून हे झालं. आणि खरंच, मी कुठं होते? मी ह्यांच्यापाशी होते. एकीकडं बघावं तर दुसरीकडं सुटतं.

सोमवार, ८ डिसेंबर

ह्यांना सगळं सांगितलं. आजारी माणसाला सांगू नये, पण राहवलं नाही. हे छताकडे बघत पडून राहिले.

"मेसेज येतात ना तुमच्या मोबाईलवर?"

"येतात."

"मंग मला का न्हाई सांगितलं?"

"चार्जिंग नसती."

"महिनाभर?"

"मीना, पोरीवर भरवसा ठेव."

एवढा संताप आला! घरी असताना तिला दहा मिनिटं उशीर झाला तर हाच माणूस फाट्यापर्यंत जायचा. आता म्हणे भरवसा. कडूबामामा उशीत तोंड घालून हसत होते. हसायला काय झालं, मी विचारलं. "काही न्हाई बाई, टाका ओढून राह्यला," म्हणाले.

शुक्रवार, १२ डिसेंबर

आजचं नीट लिहायचं आहे.

दवाखान्यातून घरी आले तर पिशवीत किल्ली नाही. ह्यांच्या उशाशी राहिली असणार. ज्योत्स्ना आज परस्पर अभ्यासिकेत जाणार होती, डबा घेऊन गेलेली. काकूंकडे जेवले, जरा टेकले आणि परत निघाले. पोचले तेव्हा चारची भेटायची वेळ सुरू झाली होती.

वॉर्डाबाहेर लांब व्हरांडा आहे. तिथं वॉकर धरून हे उभे होते. एक महिना झोपलेला माणूस उभा बघून माझ्या डोळ्यांत पाणी आलं, त्यामुळे मागची मुलगी आधी नीट दिसलीच नाही. गळ्यात क्लासचं ओळखपत्र, वेणी क्लचरमध्ये वर अडकवलेली, ओढणी कमरेला बांधलेली. ह्यांचा पट्टा तिनं मागून धरला होता.

"पप्पा, खाली बघू नका. समोर बघा. आधी वॉकर. मंग दुखरा पाय. मंग चांगला. घाई न्हाई करायची."

"पोरी, दुखून राह्यलं गं."

"दुखणारच. मी सांगितलं होतं ना दुखंल म्हणून? एक टाका, मंग बोला."

टाकलं. ह्यांनी आयुष्यात कुणाचं इतक्या मुकाट्यानं ऐकलेलं मी पाहिलेलं नाही. बाजूला पांढऱ्या कोटातल्या एक बाई हाताची घडी घालून उभ्या होत्या. व्यायाम करून घेणाऱ्या, फिजिओथेरपीच्या. त्या म्हणाल्या, "बरोबर. आता वळताना काय करायचं, तू सांग." आणि ती सांगत होती. घरात जिच्या तोंडून शब्द काढावा लागतो, ती. कडूबामामा दारात खुर्चीवर बसून म्हणत होते, "यांचं झालं की मला घ्या मॅडम," आणि ते त्या बाईंना नाही, तिला म्हणत होते.

मी खांबामागे उभी राहिले. पुढं जाऊन तिला जवळ घ्यावं की दोन ठेवून द्याव्यात, कळेना. मग वाटलं, मी समोर गेले तर तिचा हात सुटेल आणि हे पडतील. हे कारण होतं की सबब, देव जाणे. किल्ली न घेता परत आले. काकूंच्या पायरीवर बसून राहिले.

सातला ती आली. "आई, बाहेर का बसलीस?"

"किल्ली विसरले. तू कुठं होतीस?"

"अभ्यास करत होते," ती म्हणाली, आणि आपल्या किल्लीनं दार उघडलं.

शनिवार, १३ डिसेंबर

सकाळी उठले तर माझी किल्ली खिळ्याला टांगलेली होती. मी आणलेली नव्हती.

ज्योत्स्ना आंघोळीला गेली होती. मी किल्लीकडे बघत राहिले. मग ती आली, मी चहा दिला, दोघींनी खिळ्याकडे पाहिलं नाही.

म्हणजे महिनाभर मी तिच्यापासून लपवत होते आणि ती माझ्यापासून. मी सकाळी, ती दुपारी. आणि ते स्टेटस, आता कळतंय, तिनं त्याच दिवशी, क्लासमध्ये मोबाईल जमा करायच्या आधीच, पाहिलेलं होतं. तो तिसरा चहा. ते लाल डोळे, आणि मी ड्रॉप घातले!

राग कुणावर करू?

रविवार, १४ डिसेंबर

सरांनी बोलावलं होतं. टेबलावर काचेखाली पुन्हा तेच फोटो. "मॅडम, एक आठवडा उरलाय. स्पष्ट सांगा, मुलीला काय करायचंय?"

जूनपासून ह्या प्रश्नाला माझं उत्तर ठरलेलं होतं. तोंडापर्यंत आलंसुद्धा.

म्हटलं, "मी तिला विचारलेलं न्हाई, सर. विचारते आणि सांगते."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं मी परीक्षेला पेन न घेता आले.

विचारायचं कसं, हा प्रश्न आहेच. सात महिने एका खोलीत राहून तिला काय खायचं ते विचारलं, काय व्हायचं ते नाही. आणि साठात आली नाही तर? आली आणि नको म्हणाली तर?

सोमवार, १५ डिसेंबर

सकाळी धपाटे केले. तिला तीळ लावलेले लागतात, ह्यांना चालत नाहीत, दातात अडकतात. तिच्या डब्यात पोळी-भाजी दिली. धपाटे सगळे दवाखान्याच्या डब्यात भरले, तीळ लावलेले, तिघांना पुरतील इतके, वर दही. ह्यांच्या कॉटजवळ ठेवले. हे म्हणाले, "एवढे? आणि तीळ?" म्हटलं, दुपारी भूक लागंल कुणाला तरी. हे माझ्याकडे बघत राहिले. मी पिशवी उचलली आणि निघाले.

संध्याकाळी ती आली. हातपाय धुतले. मी ताट वाढायला घेतलं.

"आई, मला भूक न्हाई."

"का गं?"

भिंतीला टेकून, पायाच्या अंगठ्याकडे बघत ती म्हणाली, "धपाट्यांना तीळ जास्त झाले होते."

"उद्या कमी लावते," मी म्हटलं.

मग ती रडली आणि मीही. नंतर ती बोलायला लागली. इतकं बोलली की कुकरची शिट्टी दोघींना ऐकू आली नाही आणि डाळ लागली. दहावीचं तिनंच काढलं. म्हणाली, "आजोबा गेले म्हणून माझा पेपर गेला न्हाई, आई. सगळ्यांना माहीत होतं आणि मलाच न्हाई, म्हणून गेला. मी पेपरात बसून विचार करत होते की अजून काय काय सांगितलं न्हाई." मी पदरानं तिचे डोळे पुसले.

"मंग तू मला का न्हाई सांगितलंस?"

"तू एवढं जपत होतीस. मला कळलंय हे तुला कळलं असतं तर तू खचली असतीस."

मग मी तो प्रश्न विचारला. तिनं लगेच उत्तर दिलं, म्हणजे कधीचं तयार होतं. गणित सोडायचंय. पण डॉक्टर नाही व्हायचं. फिजिओथेरपी करायचीय. त्यालाही नीटची परीक्षा द्यावी लागते, आणि सरांनी मेडिकलच्या बॅचमध्ये घेतलं नाही तर घरी बसून करीन म्हणाली. "डॉक्टर ऑपरेशन करून गेले, आई. पप्पांना उभं त्या मॅडमनी केलं."

"आणि तू," मी म्हटलं. ती लाजली.

"पण शहागडला सगळे डॉक्टरीणबाई म्हणतात, त्यांना काय सांगू?"

"म्हणू दे. गुडघे दुखायला लागले की येतील माझ्याकडंच."

मी हसले, पण काळजी गेलेली नाही. त्या शिक्षणाचं मला काहीच माहीत नाही. किती वर्षं, कुठल्या गावी, पुढं काय. परीक्षा सहा दिवसांवर आणि ती सत्त्याहत्तरावी. उद्या काकूंना विचारते. त्या मॅडमनाही विचारते, चारला, तिच्याबरोबर जाऊन.

"आणि पप्पांना सगळं माहीत होतं?"

"तू त्यांना म्हणायचीस, ज्योत्स्नाला सांगू नका. मी म्हणायचे, आईला सांगू नका."

बिचारे. पाय मोडलेला, पथ्य चालू, आणि वर हे.

तिनं मोबाईल घेतला, स्पीकर लावला. बरीच रिंग गेली. मग तोच दबका आवाज आला, जो महिनाभर आम्हा दोघींना वेगवेगळा ऐकू येत होता.

"जवळ कोण हाये?"

आम्ही एकमेकींकडे पाहिलं.

"दोघी," मी म्हटलं.

मला वाटलं फोन कट झाला. मग लांबून, शेजारच्या कॉटवरून कडूबामामा ओरडले, "सुटलात की वो एकदाचे!"